झटकू नका म्हणावं

करड्या शर्टाचं वरून दुसरं बटण निळ्या दोऱ्याने लावलेलं.

*

शिसं मऊ असतं. नखाने ओरखडा उठतो. ताजं कापलं की आरशासारखं चमकतं आणि घटकाभराने काळवंडतं.

*

"ताई, तुला आज लाथ मारली का? माझ्याकडे सकाळपासून फुटबॉल चालू आहे."

*

चष्म्याच्या दुकानात परत येणारी निम्मी माणसं सांगतात की नंबर चुकला. नंबर चुकलेला नसतो. दांड्या वाकलेल्या असतात.

*

वास. लिंबाच्या साबणाचा. घरात लिंबाचा साबण कोणी आणत नाही.

*

नर्स टेपचं एक टोक ओटीपोटाच्या हाडावर दाबून धरते, दुसरं पोटावरून वर नेते आणि आकडा मोठ्याने वाचते. शेजारच्या पलंगावर कोण झोपलंय, याचा ती विचार करत नाही.

*

हे सगळं एकाच घरातलं. खाली थोरला भाऊ आणि त्याची बायको, वर धाकटा भाऊ आणि त्याची. स्वयंपाक खाली, एकत्र. धाकटा सामानाची गाडी चालवायचा. थोरला जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवणाऱ्या कारखान्यात भट्टीवर होता. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती, म्हणून दिराने तिचं नाव चष्मेवाली ठेवलं होतं आणि ते सगळ्यांनी उचललं होतं. धाकटी जाऊ घरीच असायची.

दोघींना एकाच सुमारास दिवस गेले. घरात सगळ्यांना आनंद झाला, चष्मेवालीला निम्माच. तिने बरीच वर्षं वाट पाहिली होती. धाकटीने वाट पाहिलीच नव्हती. लग्न केलं, सामान लावलं, आणि पडदे शिवून व्हायच्या आत गोड बातमी. एवढ्या वर्षांनी आपली पाळी आली, तर शेजारी ही उभी. आता पोटाला हात लावून "कसं वाटतंय?" असं विचारणारा प्रत्येक जण लगेच मान वळवून धाकटीलाही तेच विचारायचा.

पण ही गोष्ट धाकटीपासून सुरू होत नाही. बटणापासून होते.

बटण

नवरा रोज कारखान्यातच अंघोळ करून, घरचे कपडे घालून यायचा. त्या संध्याकाळी तो कामाच्या शर्टात आला, कारण घरचा शर्ट खुंटीवरून बादलीत पडला होता.

"हे बटण कोणी लावलं?"

"कुठलं?"

"माझ्या डोळ्यांसमोर आहे ते."

"धुणारीने लावलं असेल. तुटलं की लावते ती."

"तू सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? ती बघते."

"काय बघते?"

"बटणं गं."

"तिला हाक काय मारता तुम्ही?"

इथे तो विचारात पडला. पडायला नको होतं.

"काहीच नाही. 'ओ' म्हटलं की बघते."

"सगळ्यांकडे बघते की तुझ्याकडे?"

"ओ म्हणेल त्याच्याकडे. जेवायला वाढ ना."

चष्मेवालीने वाढलं. पण त्या रात्रीपासून कारखान्यातल्या धुलाईच्या खोलीला तिच्या मनात खिडक्या-दारं फुटायला लागली. तिने ती खोली कधी पाहिली नव्हती, बाईही पाहिली नव्हती. तिला एवढंच माहीत होतं की आपल्या नवऱ्याने अंगावरून उतरवलेले घामेजलेले कपडे रोज एक परकी बाई उचलते, उलटे करते, खिसे चाचपते, आणि दोऱ्याचं टोक दातांनी तोडते. शर्टाच्या छातीपाशी. दातांनीच तोडत असणार. कात्री कोण शोधत बसतं?

"उद्यापासून कपडे घरी आण. मी धुते."

"नियम आहे, कपडे तिथेच ठेवायचे."

"कोणाचा?"

"कारखान्याचा. धूळ असते त्यांच्यात."

"आपल्या घरात काय धूळ नाही?"

"ती धूळ वेगळी."

"तिच्या हातची, म्हणून वेगळी."

नवऱ्याला कारण माहीत होतं, पण भिंतीवरचा फलक माहीत असतो तसं. रोज दिसतो, वाचला जात नाही. शिवाय त्याच्या लक्षात आलं की आपण धुळीचं जितकं समजावून सांगू, तितकं ते त्या बाईची बाजू घेतल्यासारखं ऐकू येतंय. "खरंच वाईट असते गं," असं तो म्हणाला, तेव्हा बायकोने त्याच्याकडे चष्म्याची काच उजेडात धरून चरा शोधावा तसं पाहिलं. मग दुसऱ्या दिवशी तो कपडे पिशवीत घालून घरी घेऊन आला.

घरातली शांतता त्याला तेवढ्यात पडली. स्वस्त वाटली.

कपडे धुण्याची पद्धत, चष्मेवालीची

दुकानातून आल्यावर, स्वयंपाकाच्या आधी. मागच्या गॅलरीचं दार लावून, म्हणजे धाकटी गप्पा मारायला येणार नाही. आधी खिसे. मग कॉलर. कॉलर दोन्ही हातांत धरून तीत तोंड खुपसायचं आणि खोल श्वास घ्यायचा, बटणाच्या शर्टाला आला होता तो लिंबाचा वास येतो का ते बघायला. पहिल्यांदा नाही आला, तर परत. काखेत, खांद्यावर, बाहीच्या आत.

वास धातूचाच यायचा. ओठांवर जिभेला काहीतरी किंचित गोड लागायचं. लिंबू एकदाही सापडलं नाही, आणि सापडलं नाही म्हणून ती शोधायची थांबली नाही. रोज नव्याने वाटायचं, आज सापडेल.

निरोप

"धुणारी विचारत होती," नवरा एकदा जेवता जेवता म्हणाला. लगेच त्याला वाटलं, पाणी पिऊन टाकावं आणि वाक्य परत गिळावं.

"काय विचारत होती?"

"माझी जोडी येत नाही धुवायला, कुठे जाते. मी म्हटलं, घरी धुतात."

"मग?"

"काही नाही. म्हणाली, धुवत असतील तर आधी ओले करायला सांगा. कोरडे झटकू नका म्हणावं."

धाकटी समोर बसून दुसऱ्यांदा वाढून घेत होती. दीर फोनमध्ये होता. चष्मेवालीने पाण्याचा पेला खाली ठेवला, अगदी अलगद.

"माझ्या घरात कपडे कसे धुवायचे, ते ती सांगणार."

"सहज म्हणाली गं."

"सहज म्हणाली आणि तू सहज घरापर्यंत घेऊन आलास. दूध आणायला सांगितलं की विसरतोस."

"ताई, आधी भिजवले तर साबण कमी लागतो हे खरं आहे," धाकटी म्हणाली. ती कोणाच्याही बाजूने बोलत नव्हती. तिला साबणाबद्दलच बोलायचं होतं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवालीने शर्ट खांद्यांत धरला, हात लांब केले आणि झटकला. गॅलरीत संध्याकाळचं ऊन तिरपं येत होतं. त्यात राखाडी धूळ वर उठली, घुटमळली, आणि हळूहळू तिच्या केसांवर, बाह्यांवर, पोटावर बसली. तिने पुन्हा झटकला. फाट असा आवाज आला. तो आवाज तिला फार आवडला. त्या बाईच्या कानाखाली वाजवल्यासारखा होता. मग पँट. पँट जास्त जोरात.

आधी ती झटकतही नव्हती. वास घ्यायची आणि भिजत टाकायची. झटकायला लागली ती निरोपानंतर.

टेप

धाकटीचा आकडा महिन्यागणिक वाढला. चष्मेवालीचा आधी वाढला, मग थोडा वाढला, मग वाढायला कंटाळला.

"एकाच घरातल्या ना तुम्ही?" नर्सने विचारलं. "खाणंपिणं वेगळं आहे का?"

"एकच," धाकटी शेजारच्या पलंगावरून म्हणाली. "ताईच करते सगळं. मी आयतं खाते." आणि हसली. तिचं पोट हसताना हललं, भरलेल्या घागरीसारखं. चष्मेवालीने छताकडे पाहिलं.

घरी आल्यावर ती धाकटीच्या ताटावर नजर ठेवायला लागली. आपल्याएवढंच वाढून घेते, मग जास्तीचं कुठून येतं? धाकटीला ते कळलं असावं. एक दिवस तिने आपल्या वाट्याचं उकडलेलं अंडं उचलून जावेच्या ताटात ठेवलं.

"हे काय?"

"घे गं. माझं काय, मी पाणी प्यायले तरी वजन वाढतं."

चष्मेवालीने अंडं खाल्लं. प्रत्येक घास तिला टोचला. आपल्या बाळाला हिच्या बाळाचं उष्टं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ती जे बोलली, आणि जे बोलली नाही

जेवण नीट जातं का?

जातं. (जावेपेक्षा जास्त जातं. मी मोजते.)

झोप?

लागते. (धुलाईच्या खोलीचा दिवा मालवला की.)

घरात कोणी सिगारेट ओढतं?

नाही.

कसली काळजी? ताण?

नाही. (निळा दोरा.)

"सोनोग्राफीत बाळ महिन्यांच्या मानाने लहान दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिमोग्लोबिनही उतरलंय. गोळ्या घेताय ना? घेताय. मग मला एक तपासणी करून बघायचीय. घरात धातूचं काम कोणी करतं का?"

"मी," नवरा म्हणाला. "बॅटऱ्यांचं शिसं."

रक्त काढलं. जाऊ त्याच घरात राहते म्हणून तिचंही काढलं. धाकटीत काही निघालं नाही. चष्मेवालीच्या रक्तात शिसं निघालं, आणि पुष्कळ.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. शिसं धुळीतून नाकातोंडात जातं. एकदा आत गेलं की कॅल्शियमची जागा धरून हाडांत बसतं. गरोदर बाईच्या रक्तात असलं तर बाळापर्यंत पोचतं. गर्भाशयातली वार त्याला अडवत नाही. बाळाची वाढ मागे पडू शकते, वजन कमी भरू शकतं, ते आधी येऊ शकतं. "सगळं एकट्या शिशामुळे होतंय असं मी म्हणणार नाही. पण ते जिथून येतंय तिथे थांबलंच पाहिजे. आणि रोज येतंय. तुमचे कामाचे कपडे कुठे असतात?"

"तिथेच," नवरा म्हणाला. "तिथेच धुतात. अंघोळ करून घरी येतो मी."

त्याने बायकोकडे पाहिलं नाही. भिंतीवर बाळाच्या वाढीचं चित्र होतं, त्याच्याकडे पाहिलं.

चष्मेवालीला दोन प्रश्न पडले. हा खोटं बोलला ते माझी लाज राखायला, की तिचं नाव निघू नये म्हणून? हा पहिला. बाळाचा प्रश्न दुसरा. हा क्रम तिच्या लक्षात आला. तिने तो बदलून पाहिला, पण जीभ पहिल्या प्रश्नावरच अडकून राहिली. खरं सांगायचं तर का धुते तेही सांगावं लागणार. या खुर्चीत बसून, नर्स ऐकत असताना सांगावं लागणार, की एका बटणावरून.

"तुम्ही कुठे काम करता?" डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं.

"चष्म्याच्या दुकानात."

"तिथे तुटलेली फ्रेम जोडायला शिशाचा डाग देतात?"

"देतात. मागच्या बाजूला. कधीतरी."

"मग काही दिवस घरी राहा. बघू, फरक पडतो का."

दुकानाच्या मालकाने डाग देण्याचं सामान उचलून गच्चीवर नेलं आणि पुन्हा पुन्हा माफी मागितली. चष्मेवालीने ती मान खाली घालून ऐकून घेतली. आता ती दिवसभर घरी होती. कपडे धुवायला निवांत वेळ मिळायला लागला. ती झटकायची थांबली होती का? थांबली होती. आठवडाभर. मग एक दिवस नवरा शीळ घालत घरी आला.

दार

दुपारची वेळ. धाकटी वर झोपलेली. दारावर टकटक झाली. चष्मेवालीने उघडलं तर एक बाई, तिच्याच वयाची, हातात घडी केलेली प्लास्टिकची मोठी पिशवी.

"कपडे घ्यायला आलेय. कारखान्यातून."

चष्मेवालीला एकदम कळलं, आणि पाठोपाठ संताप आला. तिच्या मनातली बाई उंच होती, मान वळवून बघणारी, ओले केस पाठीवर सोडणारी. ही अगदीच साधी निघाली. रुंद मनगटं, पाण्याने सुरकुतलेली बोटं, पायात सपाट रबरी चपला. सुंदर असती तर निदान कारण तरी कळलं असतं.

"तुम्हाला कोणी बोलावलं?"

"कोणी नाही. ते काल म्हणाले, तुमच्या रक्तात निघालं."

म्हणजे डॉक्टरला खोटं, आणि हिला खरं. चष्मेवालीने दाराची कड धरली.

"त्यांनी तुम्हाला सांगितलं."

"मी विचारलं म्हणून. चेहरा पडला होता. कपडे कुठे आहेत?"

"माझ्या नवऱ्याचे कपडे मी धुते."

"नवरा तुमचाच आहे," धुणारी म्हणाली. "कपडे कारखान्याचे आहेत."

धुणारी चपला काढून, वाट विचारल्याशिवाय, बरोबर मागच्या गॅलरीत गेली. धुण्याची जागा कुठल्याही घरात तिला आपोआप सापडत असावी. तिने पिशवीतून रबरी हातमोजे काढले, चढवले, तांब्याभर पाणी घेऊन कोपऱ्यातल्या शर्ट-पँटवर हलके ओतलं, आणि ते जड झालेले कपडे लहान मुलाला उचलावं तसे खालून हात घालून उचलून पिशवीत ठेवले. कठड्यावरून एक बोट फिरवलं. मोज्याचं बोट काळं झालं.

"झटकले?"

"हो."

"रोज?"

चष्मेवालीने वर, धाकटीच्या खिडकीकडे पाहिलं.

"मी निरोप दिला होता. पोचला नाही का?"

"पोचला. म्हणून झटकले."

हे तिच्या तोंडून गेलं तेव्हा ते तिनेही पहिल्यांदाच ऐकलं. धुणारीने पिशवीला गाठ मारली. अर्धी मारून ती थांबली, आणि मग गॅलरीच्या उंबऱ्यावर बसली. हातमोजे वर धरून, कशाला लागू नयेत असे.

"बटणाचं काय होतं?" चष्मेवालीने विचारलं.

"कुठलं बटण?"

"निळ्या दोऱ्याचं."

धुणारीने खरंच आठवून पाहिलं. आठवत नव्हतं. "माझ्याकडे निळंच रीळ आहे. सगळ्यांना निळाच लावते. मुकादमाच्या पँटला पण." आणि मग, कोणालाही कळायला लागतो तेवढ्या वेळाने, तिला कळलं. तिने चष्मेवालीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नजर पोटावर ठेवली.

"डॉक्टरला हे सांगा. जसं मला सांगितलंत तसं."

"तुमच्यासमोर सांगितलं ना. पुरे झालं."

"मी काय डॉक्टर आहे?"

"तुम्हाला बरं माहीत होतं, झटकू नये ते."

"मला सांगतात तेवढं मी करते. ओलं करा, झटकू नका. का ते मला विचारू नका." ती उठली. "आणि त्यांना रागवू नका. ते घाबरट आहेत. भट्टीला नाही घाबरत, तुम्हाला घाबरतात."

हे शेवटचं ती बोलली नसती तर चष्मेवालीने कदाचित तिला पाणी विचारलं असतं. आपला नवरा कशाला घाबरतो ते दुसऱ्या बाईला माहीत असावं, हे तिला सोसलं नाही. तिने दार लावून घेतलं. मग परत उघडलं, आणि पायऱ्यांवरून खाली जाणाऱ्या पाठीला म्हणाली, "उद्या सांगते डॉक्टरला."

"आज उघडा असतो दवाखाना," पाठ म्हणाली.

सांगणं

त्याच संध्याकाळी. नवरा होता, नर्स होती, आणि सोबत म्हणून आलेली धाकटीही होती, कारण तिला घरी थांब म्हटलं असतं तर ती का म्हणून विचारत बसली असती. चष्मेवाली सरळ बसली आणि सगळं बोलली. बटण, कॉलर, वास, निरोप, फाट असा आवाज. मधे थांबली नाही. नर्सने लिहायचं सोडून दिलं होतं.

"तुम्ही खोटं का बोललात?" डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"वाटलं, हिला लोक हसतील."

कोणी हसलं नाही. चष्मेवालीला वाटलं, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. उशिरा, पण आपल्या बाजूचं. मग तिला त्या समाधानाचीच शिसारी आली, कारण टेप तिथेच टेबलावर पडली होती.

घर ओल्या फडक्याने पुसून काढलं, कोरड्या झाडूने नाही. गॅलरी नवऱ्याने धुतली, अंगणापर्यंत पाणी जाईपर्यंत. कपडे परत कारखान्यात. गोळ्या वाढल्या. सफाई होईपर्यंत धाकटीला माहेरी पाठवायचं ठरलं. जाताना ती पायऱ्यांवर थांबली.

"ताई, मला सांगायचंस ना. मी धुतले असते. मी दिवसभर रिकामीच होते."

ती मनापासून म्हणत होती. चष्मेवालीला क्षणभर वाटलं, हो. तू धुतले असतेस तर बरं झालं असतं. तिने ते मनातून काढून टाकलं. पुरतं निघालं नाही.

वजन

मुलगी झाली. थोडी आधी आली. नर्सने काट्यावर ठेवली आणि आकडा, नेहमीसारखाच, मोठ्याने वाचला. दोन किलोच्या जरासा वर. रडली मात्र सणसणीत.

"हे त्याच्यामुळेच का?" चष्मेवालीने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"किती त्याच्यामुळे आणि किती नाही, हे मला वेगळं करून दाखवता येणार नाही. कपडे थांबले नसते तर आणखी वाईट झालं असतं, एवढं म्हणते. दूध द्या. दर आठवड्याला आणा. पुढे ऐकणं, बोलणं, सगळं बघत राहू."

तिला एक आकडा हवा होता. एवढे ग्रॅम मत्सराचे, एवढे बाकीचे. तसा काटा दवाखान्यात नव्हता.

धाकटीचा मुलगा नंतर आला, तीन किलोच्या बराच पुढे. दीर सगळ्यांना सांगत सुटला की हा चालतच बाहेर आला, दार उघडायला सांगत होता. सगळे हसले. चष्मेवालीही हसली. रात्री दोन्ही मुलांना एका गादीवर शेजारी ठेवलं तेव्हा तिने आपल्या मुलीच्या दोन्ही बाजूंना दुपट्याच्या घड्या सारल्या, म्हणजे ती रुंद दिसेल.

मुलीचं वजन हळूहळू वाढत होतं. आठवड्याला थोडं, कधी अगदी थोडं.

पाहुणी

धुणारी मुलगी बघायला आली. सुट्टीच्या दिवशी, धुतलेल्या कपड्यांत. आल्या आल्या न्हाणीघरात जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, तोंड धुतलं, आणि मग हात पुढे केले.

मुलगी तेव्हा किरकिरत होती. सकाळपासून बापाकडे रडली होती, काकूकडे रडली होती, आईकडे सगळ्यात जास्त. धुणारीने एक हात मानेखाली, एक कमरेखाली घातला आणि छातीशी धरली. मुलगी गप्प झाली.

चष्मेवालीने थोडा वेळ पाहिलं.

"द्या इकडे."

"आत्ताच डोळा लागलाय."

"माझ्याकडे पण लागतो."

धुणारीने वाद घातला नाही. मुलगी परत दिली. मुलीने डोळे उघडले, नव्या हातांचा अंदाज घेतला, ओठ काढला. मग रडायचं की नाही ते ठरवता ठरवता झोपली. चष्मेवालीला एवढा विजय पुष्कळ होता.

"दूध नीट पिते?"

"पिते. मधेच दमते."

"दमू दे. परत लावा. भरेल ती." धुणारी भिंतीला टेकून बसली. "माझी मोठी अशीच होती. हातात घेतली तर नुसतं फडकं. आता मला काखेत धरून उचलते आणि बाजूला ठेवते, म्हणते, तू मधे येऊ नकोस."

चष्मेवालीला हसू आलं. ते तिने दाबलं. दाबता दाबता मनात आलं, हिची भरली, म्हणजे हिला जमलं. आता मलाही जमायलाच हवं, हिच्यापेक्षा लवकर. तिने मुलीला जरा वर घेतलं, हातावर तोललं. काल इतकीच वाटली. किंचित जास्त असेल. काटा शनिवारी.

"ती का तशी झाली होती?" तिने विचारलं.

"असतात काही मुलं," धुणारी म्हणाली, आणि उठून चपला शोधायला लागली.

*

धुलाईची खोली सुरू होण्याआधी धुणारीचा नवरा त्याच भट्टीवर कामाला होता. त्याचे कपडे ती घरी धुवायची.